सेवंताबाईचा भाऊ एस.टी.तून उतरतो

दिवाळी अंकात धंद्याच्या आठवणी लिहायला सांगतात ते निवृत्त माणसांना. मी निवृत्त झालेली नाही. अजून कुठे धड कायमच झालेली नाही. वय एकतीस, काम पटकथालेखनाचं, गाव वसमत तालुक्यातलं. घरचे अजूनही पाहुण्यांना सांगतात की पोरगी हिंगोलीला संस्थेत असते, कारण पटकथा लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग टीव्हीवर कधी दिसणार? हे सगळं मी संपादकांना कळवलं. ते म्हणाले, तुमच्या धंद्याला एआयनं गाठलंय, म्हणजे तुम्ही वयाच्या आधीच ज्येष्ठ झालात, लिहून टाका. बोलणं झोंबलं. म्हणून लिहिते आहे.

आधी धंदा काय ते सांगते. पटकथा म्हणजे नुसते संवाद नव्हेत. माझ्या आईची तर समजूत आहे की नट आपल्या मनानं बोलतात आणि मी त्यांच्या चहापाण्याचं बघते. तर, कोण आलं, कुठून आलं, हातात काय होतं, आल्यावर आधी बसलं की आधी पाणी मागितलं, आणि काय बोलायचं राहिलं, हे सगळं कागदावर मांडायचं म्हणजे पटकथा. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. पानभर माणूस खोटा वागला की मिनिटभर खोटं. मिनिट फार असतं. तेवढ्यात प्रेक्षक खिशातून मोबाइल काढतो.

मी हे कुठल्या शाळेत शिकले नाही. पत्रकं लिहिता लिहिता शिकले. कॉलेजात असताना हिंगोलीच्या एका छोट्या संघटनेत जायला लागले. तिथे एक काका होते, जन्मभर पत्रकं लिहिलेले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की पत्रक वाचणारा उभा असतो, त्याच्या हातात पिशवी असते आणि त्याची गाडी लागलेली असते. तेवढ्या वेळात सांगता आलं तर सांग. पहिली ओळ हाक, दुसरी राग, तिसरी मागणी, खाली वार आणि ठिकाण. विषय कुठलाही असो, साचा हाच. मी दहा वर्षं त्या साच्यात लिहिलं. पथनाट्यं लिहिली तीसुद्धा त्याच साच्यात. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे, पण आता तो थोडा जपून बाळगते. का, ते पुढे येईल.

काकांचा दुसरा नियम जास्त महत्त्वाचा होता. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते छापण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि ते म्हणतील ते खोडायचं. याला आम्ही नुसतं ‘वाचन’ म्हणतो. पत्रक असो की पिक्चर, वाचनाशिवाय मी एक ओळ पुढे जाऊ देत नाही. पुण्याच्या लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

आता एआय. मी त्याच्या विरोधात आहे आणि ते आडपडदा न ठेवता सांगते. या यंत्रानं जे वाचलं ते माणसांनी लिहिलेलं होतं, आणि त्या माणसांना कुणी विचारलं नाही. आमच्याकडे न विचारता वावरातलं एक कणीस नेलं तरी बांधावर भांडण होतं. इथं तर अख्खं वावर उचलून नेलं आणि वर मालकालाच सांगताहेत की तुझं कणीस तुला स्वस्तात देतो. यावर मी पत्रक काढलं आणि हिंगोलीच्या बसस्टँडवर उभी राहून वाटलं. दोन तासांनी त्याच पत्रकात गुंडाळलेली भजी मी स्वतः विकत घेतली. ते चालतं, तेवढं पत्रकाच्या नशिबात असतं. पण एका प्राध्यापकांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि कौतुकानं विचारलं, की मॅडम, हे एआयकडून लिहून घेतलं का? अगदी सफाईदार आहे.

मी त्यांना काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. पण तो प्रश्न लक्षात ठेवा.

एआयची पहिली ओळख मला एका हळद व्यापाऱ्यानं करून दिली. त्यांना मसाल्याच्या पाकिटाची दोन मिनिटांची जाहिरात करायची होती. पटकथा तयारच होती, यंत्रानं लिहिलेली. मी फक्त ‘आपली भाषा’ घालायची होती. पहिलाच सीन: सूर्योदय, पिवळ्याधमक हळदीच्या फुलांचं क्षितिजापर्यंत पसरलेलं शेत, आणि एक तरुणी झाडावरून हळद तोडून टोपलीत टाकते. मी शेटजींना विचारलं, तुम्ही किती वर्षं या धंद्यात आहात? ते म्हणाले, आजोबांपासून. मग हळद झाडाला लागते का? ते हसले. हळद जमिनीतून खणून काढतात, शिजवतात, वाळवतात, ढोलात घालून फिरवतात. तिचं शेत हिरवं असतं, हे वसमतच्या पोरासोरालाही माहीत आहे. शेटजी म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईक मुंबईचं हाय. त्याला खणून दाखवलं तर माती दिसंल.” मी ते काम सोडलं. जाहिरात तशीच झाली आणि पाकिटं भरपूर खपली असं ऐकलं. तेव्हापासून मी एक गोष्ट समजून आहे: यंत्राचं खोटं चालतं, कारण ते चालवून घेणारं माणूस बाजूला उभं असतं.

तर अशी मी, आणि माझ्यावरच तो आळ आला.

झालं असं. पुण्याचे एक निर्माते-दिग्दर्शक, निखिल सर, यांना मराठवाड्यातल्या बहिणीच्या हक्कावर दीड तासाचा चित्रपट करायचा होता. विषय हक्कसोड पत्राचा. बाप गेला की जमिनीत मुलींचाही मुलांइतकाच वाटा असतो, हा कायदा आहे. प्रत्यक्षात भाऊ किंवा भाचे बहिणीला बोलावतात, कचेरीत नेतात, अंगठा घेतात, साडी-चोळी करतात आणि गाडीत बसवून देतात. मी यावर तीन पत्रकं लिहिली होती. निखिल सरांनी त्यातलंच एक वाचून मला बोलावलं होतं. मोठा चित्रपट, आणि लेखक म्हणून माझं एकटीचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा.

गोष्ट बंजारा तांड्यावरची लिहायची ठरली. औंढ्याच्या अलीकडे फाट्यावरून आत एक तांडा आहे, तिथल्या कविता नावाच्या सुनेची आणि माझी जुनी ओळख. आम्ही बचत गटाच्या कामात एकत्र होतो. तिच्या सासूबाई सेवंताबाई. सत्तरीच्या पुढच्या, अंगानं काटक, हातात अजून जुन्या बांगड्या, आणि जिभेला हाड नाही. मी आठ महिने त्यांच्याकडे जात-येत होते. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं की तुला लिहायचे पैसे मिळतात तर मला सांगायचे काहून मिळत न्हाई? मी वही मिटली. चहा मात्र मिळाला.

तिथं मी एक गोष्ट पाहिली ती आधी कधी पाहिली नव्हती. बंजारा बायका खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडतात, डोक्यावर पदर ओढतात आणि सुरात रडतात. साधं रडणं नव्हे. त्या रडण्यात सगळी हालहवाल असते: कोण गेलं, कोणाच्या घरी लेकरू झालं, शेळी मेली, पाइपलाइन फुटली. सगळं चालीवर. रडणं संपलं की डोळे पुसायचे आणि विचारायचं, चहा ठेवलाय का? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी वारलं. कविता हसली. म्हणाली, न्हाई ताई, आतेसासू आल्यात.

सेवंताबाई त्या दिवशी रडल्या त्यात त्यांच्या भावाला हाक होती. गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, भावाला वीरा म्हणतात. मला भाषा येत नव्हती; कविता माझ्या कानाशी ओळ ओळ मराठीत सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होते. वीरा, चारच्या गाडीनं ये. वीरा, फाट्यावर उतर. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी हाय. तुझ्या धोतराला वाटेतली धूळ लागली असंल, मी झटकीन. मीसुद्धा रडत होते. का ते ठाऊक नव्हतं, पण रडत होते. नंतर मी सेवंताबाईंना विचारलं की भाऊ कुठे असतात? त्या म्हणाल्या, पुसदच्या बाजूला, आमचा माहेरचा तांडा तिकडं हाय. येतात का ते नेहमी? सेवंताबाई सरळ म्हणाल्या, “येतो की. दर वेळी येतो.”

माझा पहिला सीन तयार झाला. बहीण तांब्या घेऊन फाट्यावर उभी आहे, चारची एस.टी. येते, भाऊ उतरतो, ती त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. प्रेक्षकाला वाटतं, काय हे प्रेम. आणि पुढे कळतं की भाऊ तिला न्यायला आला आहे तो अंगठा घ्यायला. शेवटी तो पस्तावतो आणि त्याच फाट्यावर तिची माफी मागतो. मला वाटलं, जमलं.

पटकथा पुण्याला पाठवली. पंधरा दिवसांनी निखिल सरांनी व्हिडिओ कॉल केला. आवाज कोरडा होता. त्यांनी पटकथा कसल्याशा तपासणीतून काढली होती आणि तिथं शेवटच्या भागावर यंत्रानं लिहिल्याचा शिक्का बसला होता. मी म्हटलं, तुमची तपासणी गेली खड्ड्यात. त्यावर त्यांनी दुसरा कागद दाखवला. शंका आली म्हणून त्यांनी एआयला फक्त गोष्ट सांगितली होती आणि तोच माफीचा सीन लिहायला लावला होता. दोन्ही त्यांनी शेजारी ठेवून वाचले.

माझ्या पटकथेत भाऊ म्हणत होता: “ताई, रूढीच्या नावाखाली आम्ही तुझा हक्क हिरावला. जमिनीची वाटणी होते, नात्याची होत नाही. आज तुझ्यापुढे मान खाली घालून उभा आहे.”

यंत्राचा भाऊ म्हणत होता: “ताई, परंपरेच्या नावाखाली मी तुझा हक्क हिरावून घेतला. जमीन वाटता येते, नातं वाटता येत नाही. आज मी तुझ्यासमोर नतमस्तक आहे.”

मी गप्प बसले. मी गप्प बसणारी बाई नाही हे निखिल सरांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला तो लावला. करारात कलम होतं की लेखन माणसाचं असेल. एआय वापरलं असेल तर ते सांगावं लागेल, लेखक म्हणून नाव लागणार नाही, आणि पटकथा पुण्यातलं दुसरं कोणीतरी नव्यानं लिहील. मी ओरडले, वह्यांचे फोटो पाठवले. ते म्हणाले, वहीत उतरवून काढता येतं. खरं होतं. मी लिहिलंय हे सिद्ध कसं करतात, हे मला आजही माहीत नाही. शेतावर कोण राबलं हे हातावरून कळतं. लिहिणाऱ्याच्या हातावर काही नसतं.

शेवटी मी म्हटलं, रविवारी तांड्यावर वाचन आहे, या आणि ऐका. यंत्राचा सीनही आणा. ते यायला तयार झाले. एवढी माणुसकी त्यांच्यात होती, हे नोंदवते.

तोवरचे चार दिवस मी फार वाईट काढले. राग निखिल सरांवर होता, यंत्रावर होता, पण सगळ्यात जास्त त्या दोन परिच्छेदांवर होता. मी खरंच लिहिलं होतं ते. एका बैठकीत, न थांबता. हात आपोआप चालला होता. हाक, राग, मागणी. यंत्रानं माझ्यासारख्या हजारोंची पत्रकं वाचली असणार, हे तर मीच लोकांना सांगत होते. मग ते माझ्यासारखं लिहिणारच. पण त्याची दुसरी बाजूही होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नाही: म्हणजे मीही त्याच्यासारखंच लिहीत होते.

रविवारी सकाळी तांड्यावर मंदिरासमोर लिंबाखाली सतरंजी टाकली. बायका पुढे, पुरुष मागे ओट्यावर. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले वडीलधारे पुढारी, खुर्चीत बसले होते. निखिल सर एका कडेला. मी वाचायचं आणि कवितानं म्हाताऱ्या बायकांसाठी गोरबोलीत सांगायचं, असं ठरलं.

मी पहिला सीन वाचायला घेतला. फाटा, तांब्या, धोतराची धूळ. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सेवंताबाईंनी हळूच डोक्यावर पदर घेतला. एक म्हातारी त्यांना कोपरानं ढोसून म्हणाली, “हे तर तुझं रडणं हाय.” निखिल सरांनी मान वर केली. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, बघा आता कोण खरं.

मग मी वाचलं की चारची एस.टी. फाट्यावर थांबते आणि भाऊ उतरतो.

कविता एकदम बोलायची थांबली. सगळीकडे शांत झालं. नायकांनी हातातली विडी विझवली. आणि आता माझी अक्कल बघा. दहा वर्षं पथनाट्यं केलेली मी; मला वाटलं, परिणाम झाला. लोक शांत झाले की आपलं लागू पडलं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. कविता माझी ओढणी ओढत होती आणि मी तशीच पुढे वाचत सुटले. मधलं सोडून थेट अंगठ्याच्या सीनवर आले, तिथून माफीवर आणि ते भाषण आवाज चढवून म्हणून टाकलं. मान खाली घालून उभा आहे, इथपर्यंत.

टाळी वाजली नाही.

सेवंताबाई म्हणाल्या, “पोरी, हे कोण सांगितलं तुला?”

मी म्हटलं, तुम्हीच, मावशी. तुमच्या रडण्यातलं आहे.

“मी कवा म्हणले त्यानं जमीन मागितली?”

कविता माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, “ताई, सासूबाईंचे भाऊ जाऊन लई वर्सं झाली. माझं लग्न बी झालं नव्हतं.”

मी वेड्यासारखी म्हणाले, पण तुम्हीच सांगितलं होतं, दर वेळी येतो म्हणून.

“येतो की,” सेवंताबाई म्हणाल्या. “मी रडते तवा येतो. न्हाईतर कवा येईल?”

मग त्यांनी सांगितलं. दर दिवाळीला भाऊ त्यांना न्यायला यायचा, चारच्या गाडीनं. एका वर्षी निरोप आला की येतोय. त्या तांब्या घेऊन फाट्यावर गेल्या. चारची गाडी आली, त्यात तो नव्हता. सहाची आली, तीत नव्हता. दुसऱ्या दिवशी माहेरच्या तांड्यावरचा माणूस सांगावा घेऊन आला. भाऊ निघायच्या आदल्या दिवशीच वारला होता. पुढं दोन वर्षांनी त्याची पोरं आली आणि अंगठा घेऊन गेली. हे सगळं तांड्यात प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी आठ महिने वही घेऊन बसले होते, पण हा एक प्रश्न विचारला नव्हता: ज्याला हाक मारता तो आहे का?

“जमीन त्याच्या पोरांनी लिहून घेतली,” सेवंताबाई म्हणाल्या. “त्यानं न्हाई. तू त्याला काहून चोर केलंस?”

हातातले कागद खाली ठेवावेत की धरून ठेवावेत तेही मला कळेना. मी आयुष्यभर लोकांना चोर म्हटलं, स्टेजवरून, माइकवरून, नाव घेऊन. पहिल्यांदाच मला कुणीतरी विचारत होतं, काहून?

मी म्हटलं, मावशी, चुकले. सीन काढून टाकते.

निखिल सर उठून पुढे आले, सतरंजीच्या कडेला बसले आणि म्हणाले, आमच्याकडे दुसरा सीन पण आहे, तोही ऐकता का? त्यांनी यंत्राचा सीन कविताच्या हातात दिला. कवितानं वाचला. त्यात सोनेरी सायंकाळ होती, धावत येणारी बहीण होती, वाऱ्यावर उडणारी ओढणी होती. बायकांनी नीट ऐकून घेतलं. निवडणुकीच्या गाडीवरचा भोंगा ऐकतात तसं. भाषण आलं तेव्हा मघाची म्हातारी म्हणाली, “ह्यात बी तो तेच बोलून राहिला.”

नायक खुर्चीतून म्हणाले, “दोघंबी एकाच मास्तरच्या हाताखालचे दिसतात.”

सगळा तांडा हसला. सेवंताबाई पण हसल्या, पदर तोंडाला लावून. मला खोटं लिहायचं नाही: त्या हसण्यानं मी सुटले. चार दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. आळ खोटाही नव्हता आणि खराही नव्हता. भाषणापुरतं यंत्र आणि मी सारखेच होतो, आणि ते भाषण दोघांचंही कुणाला नको होतं. उरलेलं, म्हणजे तांब्या, धूळ, चारची गाडी आणि मेलेला माणूस जिवंत समजण्याची चूक, ते सगळं तिथं बसून रडलेल्या बाईचं होतं. कवितानं ते निखिल सरांना तिच्या पद्धतीनं सांगितलंही, की सर, हिला आमचं काही समजत नव्हतं, पण ही चुलीपाशी बसून आमच्यासंगं रडली, हे आमी समद्यांनी बघितलंय.

निखिल सरांनी मान हलवली. मग सेवंताबाईंना विचारलं, भावाला काढून टाकायचं का, आई?

सेवंताबाईंनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पुढे घेतल्या.

“काढू नका. येऊ द्या त्याला. पण एवढं बोलायला लावू नका. तो एवढं बोलायचाच न्हाई. आन् मला ताई म्हणायचा न्हाई. बाई म्हणायचा.”

मग उतरल्यावर काय म्हणेल तो, असं मी विचारलं. आठ महिन्यांतला माझा पहिला बरोबर प्रश्न.

“काय म्हणंल,” त्या म्हणाल्या. “म्हणंल, बाई, गाडीला उशीर झाला.”

ती ओळ मी लिहिली नाही. निखिल सरांनी स्वतः पेन काढून माझ्या कागदाच्या समासात लिहिली. नंतर पटकथा बदलली. भाऊ फक्त पहिल्याच सीनमध्ये येतो, तिच्या रडण्यात येतो तसा. नंतर फाट्यावर ती एकटीच असते, तांब्या घेऊन, आणि पुढची गोष्ट भाच्यांची आहे. पुण्याला पोहोचल्यावर निखिल सरांनी लेखी कळवलं की पटकथा माझी, आणि ती एक ओळ सेवंताबाईंची, तीही नावानिशी पडद्यावर. सेवंताबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आंगठा एकदा दिला. आता नाव तर येऊ दे.”

मी एआयच्या विरोधात अजूनही आहे. बसस्टँडवर पुन्हा पत्रक वाटणार आहे. फक्त या वेळी छापायच्या आधी कविताला वाचून दाखवलं. तिनं अर्धं खोडलं.

फाट्यावरचं शूटिंग गेल्या महिन्यात झालं, तांड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी. भाऊ झालेला नट परभणीकडचा होता, सरळसाधा माणूस. एस.टी. भाड्यानं आणलेली. गाडी थांबायची, तो उतरायचा, धोतर झटकायचा आणि म्हणायचा, बाई, गाडीला उशीर झाला. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मागून बैलगाडी आली. चौथ्यांदा सगळं नीट जुळलं. निखिल सर म्हणाले, ओके, पुढचा सीन लावा.

सेवंताबाई सकाळपासून कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या शेजारी उभ्या होत्या. लोक सामान उचलायला लागले तसा त्यांनी माझा दंड धरला आणि हळू विचारलं, “अजून एकदा येतो का?”

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. खोटं बोलणाऱ्यांची नावं घेऊन मी भाषणं केली आहेत. मी निखिल सरांकडे गेले आणि सांगितलं की या टेकमध्ये पलीकडच्या वावरातल्या ट्रॅक्टरचा आवाज आलाय, मी स्वतः ऐकलाय, पुन्हा घ्यावं लागेल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे सेवंताबाईंकडे बघितलं. वावरात ट्रॅक्टर नव्हता. ते म्हणाले, गाडी मागे घ्या.

पाचव्यांदा चारची गाडी आली.